जुगाराच्या गणितातला ‘लांब पल्ला’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लाँग रन’ हा शब्द जुगाराबद्दल बोलताना सगळेच वापरतात, पण तो किती लांब हे फारसं कुणी सांगत नाही. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं काही सांगितलेलं नसेल तिथे खेळ म्हणजे एका शून्याचं रूलेट (आकड्यांचं चाक फिरवून चेंडू टाकायचा आणि तो कुठल्या घरात पडेल यावर पैसे लावायचे) आणि डाव १ एककाचा, असं धरा.

१. ‘लांब पल्ल्यात कॅसिनोच जिंकतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. लालवर १ एकक लावलं तर ३७ पैकी १८ शक्यतांत १ एकक मिळतं आणि १९ शक्यतांत १ जातं. फरक फक्त एका घराचा. त्यामुळे दर डावाला सरासरी १/३७ एकक, म्हणजे २.७० टक्के, कॅसिनोच्या बाजूला सरकतं. याला हाउस एज म्हणतात. दोन शून्यांच्या चाकावर तो ५.२६ टक्के होतो.

एखाद्या डावात हे २.७० टक्के कुणालाच दिसत नाहीत, कारण लावलेलं एकतर पूर्ण जातं नाहीतर दुप्पट होऊन परत येतं. डाव वाढत गेले की प्रत्येक डावामागचा सरासरी तोटा या आकड्याभोवती घट्ट होत जातो. हा मोठ्या संख्यांचा नियम. स्विस गणितज्ञ याकोब बर्नुलीने तो सिद्ध केला आणि त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

२. ते ठीक आहे, पण किती डाव म्हणजे लांब पल्ला? एक आकडा सांगून टाका.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सगळ्या खेळांना लागू पडेल असा एक आकडा नाही, पण प्रत्येक खेळाचा त्याचा त्याचा आकडा काढता येतो.

दोन गोष्टी एकाच वेळी वाढत असतात. अपेक्षित तोटा डावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो: डाव दुप्पट, तोटा दुप्पट. नशिबाचे चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्याचं माप), डावांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतात: डाव चौपट केले तर चढउतार फक्त दुप्पट. सुरुवातीला चढउतार मोठे असतात आणि तोटा त्यांच्या गदारोळात दडून राहतो. पुढे एका टप्प्यावर तो त्यांना गाठतो. ही बरोबरी जिथे होते तो डावांचा आकडा मी लांब पल्ल्याचं पहिलं ठाणं मानतो. काढायची रीत सोपी आहे: एका डावाच्या प्रमाण विचलनाला हाउस एजने भागा आणि उत्तराचा वर्ग करा.

लाल-काळ्यावर हे उत्तर बरोबर १,३६८ येतं. तेच चाक, तोच २.७० टक्क्यांचा एज, पण पैसे एकाच आकड्यावर लावले (लागला तर ३५ पट मिळतात), तर उत्तर ४६,६५६. कॅसिनोचा वाटा दोन्हीकडे सारखाच, आणि तरी एकाचा लांब पल्ला दुसऱ्याच्या ३४ पट. तेव्हा ‘किती डाव’ या प्रश्नाचं उत्तर खेळ आणि पैज दोन्ही सांगितल्याशिवाय देताच येत नाही.

बर्नुलीलाही आकड्याचा मोह आवरला नव्हता. ३० पांढरे आणि २० काळे खडे असलेल्या भांड्यातून एकेक खडा काढून परत टाकत राहिलं, तर पांढऱ्यांचं प्रमाण ५८ ते ६२ टक्क्यांच्या आत पडण्याची हजारास एक (हजार वेळा खरं, तर एकदा खोटं) अशी खात्री कधी वाटेल? त्याचं उत्तर होतं २५,५५० वेळा. आजच्या पद्धतीने साडेसहा हजार पुरतात.

३. १,३६८ डाव ओलांडले की मी हरलेलोच असणार का?

नाही. त्या ठाण्यावर अजून साधारण १६ टक्के खेळाडू नफ्यात असतात. डाव चौपट (५,४७२) केले की सुमारे २.३ टक्के उरतात आणि नऊपट केले की हजारात एखाददुसरा.

हीच गोष्ट गोल आकड्यांत सांगायची तर लाल-काळ्यावर १०० डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, १,००० डावांनंतर १९ टक्के आणि १०,००० नंतर ०.३ टक्के. एकाच आकड्यावर लावणाऱ्यांपैकी मात्र १०,००० डावांनंतरही जवळजवळ एक तृतीयांश लोक पुढे असतात. ‘माझी पद्धत चालते’ असं शपथेवर सांगणारे बहुतेक याच एक तृतीयांशात सापडतात, असा माझा अंदाज आहे. ते खोटं बोलत नसतात, त्यांचा पल्ला अजून यायचा असतो.

४. सलग सात वेळा लाल आलं. सरासरी जुळायची तर आता काळं यायला नको का?

नको. चाकाला मागचं काही आठवत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. पंधरा-सोळा वेळा काळं आल्यावर लोक ‘आता तर लाल येणारच’ म्हणून लालवर तुटून पडले आणि कॅसिनोने लाखो फ्रँक कमावले.

मग सरासरी जुळते कशी? जुनी चूक दुरुस्त होऊन नव्हे, ती पातळ होऊन. समजा, नाणं १०० वेळा उडवलं आणि छापा ६० वेळा आला. दहा जादा. आता पुढच्या ९०० फेकींत नाण्याने अजिबात भरपाई केली नाही आणि अगदी निम्मे, ४५० छापे आले. एकूण ५१० झाले, म्हणजे ५१ टक्के. आणखी ९,००० फेकी, त्यात ४,५०० छापे: एकूण ५,०१०, म्हणजे ५०.१ टक्के. साठावरून ५०.१ वर आलो आणि ते दहा जादा छापे अजून जसेच्या तसे आहेत. दुधात कितीही पाणी घातलं तरी दूध कुठे जात नाही, फक्त दिसेनासं होतं.

५. म्हणजे शेवटी छापे आणि काटे सारखे होत नाहीत?

टक्केवारी जुळत जाते, मोजणीतला फरक साधारणपणे वाढत जातो. फरकाचं प्रमाण विचलन १०० फेकींना १०, दहा हजारांना १०० आणि दहा लाखांना १,०००. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने वेळ घालवायला नाणं १०,००० वेळा उडवलं. छापा ५,०६७ वेळा आला. टक्केवारी ५०.६७, पण फरक तब्बल १३४ चा. नाण्यात खोट होती असं यावरून म्हणता येत नाही, एवढा फरक अपेक्षितच होता.

जुगाऱ्याच्या खिशात टक्केवारी नसते, फरक असतो. लाँग रनबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

६. मी ५० एककं मागे आहे. खेळत राहिलो तर कधी ना कधी बरोबरीत येईनच ना?

खेळ अगदी न्याय्य असेल, म्हणजे दोन्ही बाजूंना ५० टक्के, आणि तुमच्याकडे पैसा व वेळ दोन्ही अमर्याद असतील, तर हो, शंभर टक्के याल. गोम अशी की तोवर लागणाऱ्या डावांची सरासरी अनंत आहे. आंब्याला मोहर येणार हे नक्की, कुठल्या शतकात ते विचारू नका, असला हा प्रकार.

रूलेटवर हे आश्वासनही नाही. कितीही उधारी मिळाली तरी ५० एककं मागे असलेला लाल-काळ्यावर एकेक एकक लावत पुन्हा कधी बरोबरीत येण्याची शक्यता सुमारे ६.७ टक्के. १०० मागे असेल तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

इथे आणखी एक चकवा आहे. न्याय्य नाण्यावर दोघे खेळत असले की आघाडी इकडून तिकडे फिरत राहील असं आपण धरून चालतो. हिशेब उलटंच सांगतो: लांबलचक खेळात दोघांपैकी कुणीतरी एकजण ९० टक्क्यांहून जास्त वेळ पुढेच राहण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के आहे. नाणं चोख असूनही एकजण जवळजवळ सगळा वेळ ‘नशीबवान’ आणि दुसरा ‘साडेसातीतला’ दिसतो.

७. हरलं की पैज दुप्पट करत जायची. एक डाव जिंकला की सगळं वसूल. यात चूक कुठे?

दहा वेळा सलग हरलात तर १,०२३ एककं गेलेली असतात आणि अकराव्या पैजेला आणखी १,०२४ लागतात. तेही फक्त १ एकक कमवायला. लाल-काळ्यावर ठरलेल्या दहा डावांत सलग दहा हार होण्याची शक्यता ७८४ मध्ये १. अशा मालिका दर संध्याकाळी पंचवीस-तीस वेळा सुरू होत असतील, तर महिना-दीड महिन्यात गाठ पडते. टेबलावरची कमाल पैजेची मर्यादा बहुधा त्याआधीच आडवी येते. या पद्धतीने तोटा कमी होत नाही, पुष्कळ छोट्या विजयांच्या मागे एक मोठा खड्डा लपवला जातो. २.७० टक्के जिथल्या तिथे.

८. माझ्याकडे १०० एककं आहेत आणि २०० करायची आहेत. सावकाश खेळावं की एकदम?

गणिताचं उत्तर बहुतेकांच्या स्वभावाविरुद्ध जातं. सगळी १०० एकाच डावात लालवर लावली तर दुप्पट होण्याची शक्यता ४८.६५ टक्के. दहा-दहा करून लावली तर ३६.८ टक्के. एकेक एककाने सावधपणे खेळलात तर ०.४५ टक्के, म्हणजे २२४ मध्ये १.

कारण प्रश्न २ मध्येच आहे. एकेकाने खेळणारा दोनशे होईपर्यंत किंवा खिसा रिकामा होईपर्यंत सरासरी साडेतीन हजारांहून जास्त डाव खेळतो, म्हणजे स्वतःच्या पायाने लांब पल्ल्यात चालत जातो. एकदम लावणारा तिथे पोचतच नाही. सावधपणाचा फायदा एज आपल्या बाजूला असेल तेव्हा, तो विरुद्ध असताना सावधपणा म्हणजे हप्त्याहप्त्याने हरणं. एकदम लावण्याचा सल्ला मी देत नाही, कारण तिथेही सरासरी २.७ एककं जातातच. फक्त हिशेब तसा आहे.

९. मी रोज पन्नासच डाव खेळून उठतो. मला लांब पल्ला कसा लागू होईल?

तुम्ही मध्ये झोपलात हे चाकाला माहीत नसतं. रोज ५० डाव म्हणजे महिनाभरात १,५०० आणि पहिलं ठाणं मागे पडलं. ‘थोडं जिंकलं की उठायचं’ या नियमाने जिंकलेल्या संध्याकाळी जास्त होतात, हे खरं. हरलेल्या संध्याकाळी तेवढ्याच मोठ्या होतात.

१०. मला महिना लागतो तो पल्ला कॅसिनो एका रात्रीत कसा गाठतो?

थेंबे थेंबे तळे साचे, आणि कॅसिनोकडे थेंब टाकणारे पुष्कळ. तासाला ४० फेऱ्या धरल्या तर एका खेळाडूला १,३६८ डावांना ३४ तास लागतात. वीस टेबलं चालू असतील तर तेवढ्याच फेऱ्या दोन तासांच्या आत होतात.

दोन अपवाद लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एकाच फेरीत दहा जणांनी लालवर लावलं तर ते दहा डाव नव्हेत, एकच मोठा डाव आहे. चेंडू एकदाच पडतो. दुसरा अपवाद जास्त बोचरा. समजा, रात्रभरात एकेक एककाचे १,००० डाव झाले आणि एका धनाढ्य पाहुण्याने एकच डाव १,००० एककांचा लावला. डाव १,००१ झाले, पण खऱ्या अर्थाने ते किती सारख्या डावांइतके? सगळ्या पैजांच्या बेरजेचा वर्ग करा आणि त्याला पैजांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. उत्तर जेमतेम ४ येतं. एका पाहुण्याने कॅसिनोचा हजार डावांचा पल्ला चार डावांवर आणून ठेवला. टेबलावर कमाल मर्यादा असते ती प्रश्न ७ मधल्या दुप्पटवाल्यांपेक्षा या पाहुण्याच्या धास्तीने जास्त.

११. पोकरमध्ये चार महिने नफ्यात आहे. आता मी जिंकणारा खेळाडू आहे असं म्हणू का?

किती हात (म्हणजे पत्ते वाटून झालेले डाव) खेळलात ते सांगा, महिने नकोत. नो-लिमिट पोकरमध्ये (पैजेवर कमाल मर्यादा नसलेल्या) दर १०० हातांमागे प्रमाण विचलन ९० बिग ब्लाइंडच्या (हाताच्या सुरुवातीला लावावी लागणारी सक्तीची पैज; नफा-तोटा तिच्यातच मोजतात) आसपास धरता येतं. दर १०० हातांना ५ बिग ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडू घ्या. ९० भागिले ५ म्हणजे १८, त्याचा वर्ग ३२४, म्हणजे शंभर-शंभर हातांचे ३२४ गट, एकूण ३२,४०० हात. एवढं खेळूनही असे सहातले एक खेळाडू तोट्यात असतात. एक लाख हातांनंतरही चार टक्के तोट्यात.

हे दोन्ही बाजूंनी लागू आहे: वाईट खेळाडूही तितकेच दिवस स्वतःला उस्ताद समजू शकतो. शिवाय तेवढे हात होईपर्यंत समोरचे खेळाडू बदलतात, तुमचा खेळ बदलतो आणि तुम्ही मोजत असलेला ‘लांब पल्ला’ एकाच खेळाचा उरतही नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही.

१२. नोंदी ठेवून चाक सदोष आहे हे ओळखता येईल का?

येईल, पण वहीची पानं पुष्कळ लागतील. एखादा आकडा ३७ ऐवजी ३३ मध्ये एकदा येत असेल तर त्यावर लावणाऱ्याला ९ टक्क्यांचा फायदा आहे. तो कल साध्या चढउतारांतून दोन प्रमाण विचलनांइतका वर दिसायला जवळजवळ ९,८०० फेऱ्या लागतात. आणि तेवढ्यानेही भागत नाही. आकडे ३७ आहेत. निर्दोष चाकावरही त्यातला एखादा निव्वळ योगायोगाने इतका वर सहज जाऊ शकतो. म्हणून ज्या नोंदींवरून आकडा हेरला त्याच नोंदी पुरावा म्हणून वापरू नयेत. नव्याने मोजणी करावी.

या निमित्ताने एक जुनी शंका. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला, त्यात शेव्हालिए द मेरे या सरदाराच्या फाशांच्या कोड्याचा उल्लेख आहे. दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी दोन्ही सहा येण्याची शक्यता ४९.१४ टक्के असते, निम्म्याहून किंचित कमी. हे त्याला खेळून खेळून कळलं असं सांगतात. पण एवढासा फरक दोन प्रमाण विचलनांनी दिसायला साडेतेरा हजार डाव लागतात, आणि प्रत्येक डाव २४ फेकींचा. मला वाटतं त्याने कागदावरच काहीतरी मांडलं असावं.

१३. लॉटरीत लांब पल्ला किती?

४९ पैकी ६ आकड्यांच्या सोडतीत १,३९,८३,८१६ जोड्या होतात. आठवड्याला दोन सोडतींत एकेक तिकीट घेतलं तर पहिल्या बक्षिसाची सरासरी प्रतीक्षा सुमारे १,३४,४६० वर्षं. आणि इतक्या सोडतींत एकेक तिकीट घेऊनही बक्षीस एकदाही न लागण्याची शक्यता ३७ टक्के उरते. लांब पल्ला आयोजकाला आहे, तिकीटवाल्याला नाही.

१४. अपेक्षित मूल्य माझ्या बाजूने असेल तर लांब पल्ल्यात मी जिंकणारच ना?

दर वेळी ठरावीक रक्कम लावत असाल आणि मध्येच दिवाळं निघालं नाही, तर हो. दर वेळी सगळं भांडवल लावत असाल तर हरण्याचीच तयारी ठेवा.

एक नाणं घ्या. छापा आला तर भांडवल ८० टक्क्यांनी वाढतं, काटा आला तर निम्मं होतं. सरासरी काढा: दर फेकीला १५ टक्के नफा. खेळ सोन्यासारखा दिसतो. आता १ एककाने सुरुवात करून एक छापा आणि एक काटा येऊ द्या: १.८ गुणिले ०.५, हातात ०.९. क्रम उलटा करून पाहा, तेच येतं. अशा जोड्या पन्नास झाल्या, म्हणजे १०० फेकींत निम्मे छापे आले, तर उरतं ०.००५ एकक. अपेक्षित मूल्य मात्र याच १०० फेकींनंतर ११ लाख एककांच्या वर असतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते ११ लाख मूठभर अफाट नशीबवानांच्या खात्यांतून आलेले असतात आणि बाकी सगळे कफल्लक.

इथे मोठ्या संख्यांचा नियम मोडलेला नाही. तो बेरजेला लागू होतो, आणि भांडवलाचा इथे गुणाकार होतोय. फेकींची संख्या वाढवणं आणि खेळाडूंची संख्या वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी होतात. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जॉन केलीने १९५६ मध्ये यावर तोडगा दिला: भांडवलाचा किती भाग लावला तर वाढीचा दर सर्वांत जास्त राहील हे काढा आणि तेवढाच लावा. वरच्या खेळात हा भाग ३७.५ टक्के येतो.

१५. ज्याला लांब पल्लाच नाही असा खेळ असतो का?

असतो, कागदावर. नाणं छापा येईपर्यंत उडवायचं. पहिल्याच फेकीला आला तर १ एकक, दुसऱ्या फेकीला २, तिसऱ्या फेकीला ४, असं दुप्पट होत जातं. प्रत्येक शक्यतेचा वाटा अर्धा एकक आणि शक्यता अनंत, म्हणून अपेक्षित मूल्यही अनंत. याकोबचा पुतण्या निकोलाउस बर्नुलीने १७१३ मध्ये हे कोडं घातलं आणि डॅनिएल बर्नुलीच्या १७३८ च्या लेखावरून ते सेंट पीटर्सबर्गचं कोडं म्हणून प्रसिद्ध झालं. ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने एका मुलाकडून हा खेळ २,०४८ वेळा खेळवून घेतला. सरासरी ५ एककांच्या आसपास आली. डाव चौपट केले की ती साधारण एकाने वाढते, आणि हे कुठेच थांबत नाही. सरासरी कशाभोवती स्थिरावतच नाही, त्यामुळे प्रश्न २ मधल्या भागाकाराला आकडेच मिळत नाहीत.

प्रत्यक्षात पैसे देणाऱ्याच्या तिजोरीला तळ असतो. तो १०,४८,५७६ एककांवर धरला की अनंत मूल्य घसरून ११ एककांवर येतं. प्रवेशशुल्क १२ ठेवलं तर खेळ चालवणाऱ्याला दर डावाला सरासरी १ एकक सुटतं, आणि हिशेब पुन्हा मार्गाला लागतो: त्याच्या लांब पल्ल्याचं पहिलं ठाणं सुमारे १५ लाख ७० हजार डावांवर.